फडक्यातले जीव

ब्राह्मी,

मी सकाळच्या एसटीनं कुंडलला चाललोय, कृष्णातकडं. आज नववी-दहावीच्या पोरांची जैन मंदिरातली पाठशाळा तूच घे. त्यांना सांग, काल आज्जानं सांगितलेली गोष्ट खोटी होती.

पाणी गाळल्यावर फडक्यातले बारीक जीव परत विहिरीत सोडायचे असतात. ते मी लहानपणी खेळायच्या नादात वाटेतच झटकले, एवढं खरं हाय. पण आईसमोर मी कबूल केलं, हे खरं न्हाई. आईनं विचारलं तवा शेजारचा कृष्णातच पटकन म्हणाला, "काकू, माज्या हातनं झालं." मी गप्प बसलो. आईनं त्याला परत कवा आमच्या घागरीला हात लावू दिला न्हाई. त्याआधी काठीला घागर अडकवून आमी दोघंच पाणी आणायचो. तो पुढं, शीळ घालत. लय सुरेख घालायचा.

मित्रासाठी तो खोटं बोलला, ते पाप की पुण्य, हे पोरांनाच ठरवू दे. मला पन्नास वर्षांत ठरवता आलं न्हाई.

माझी वाट बघू नकोस, दिवस मावळायच्या आत जेवून घे. तुझी स्टीलची बाटली नेलीय, गाळलेलं पाणी भरून. ते मी कृष्णातच्या हातनं पिणार हाय, त्यानं दिलं तर.

आज्जा