दादाला काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, विज्ञानाची पदवीधर, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याची नोकरी करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. आज सकाळीच डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावून खात्री करून घेतली. कोणाचा दबाव नाही. उलट आईने ही वही दोनदा लपवून ठेवली होती.

१. मला रक्ताचा एक दुर्मीळ कर्करोग आहे : ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेल निओप्लाझम. दादा म्हणाला, "हा आजार आहे की परदेशी गाडीचा सुटा भाग?" यात अस्थिमज्जेतल्या एका प्रकारच्या पेशी अर्धवट घडतात, बेसुमार वाढतात आणि बरेचदा आधी त्वचेत जाऊन बसतात. औषधांच्या चार फेऱ्यांनंतर त्या आता दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणजे नाहीतच असे नव्हे, म्हणून येत्या गुरुवारी मला दादाच्या मूळपेशी देणार आहेत. त्याने मी बरी होऊ शकते. न झाल्यास पुढची कलमे लागू व्हावीत.

२. घर माझ्या नावावर नाही. बँकेत असेल ते सगळे आईचे. तिने त्यातून आधी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी. "बघू पुढच्या वर्षी" हे तिचे उत्तर या कलमान्वये रद्द समजावे.

३. माझा सूक्ष्मदर्शक, जुना घेतलेला पण भिंगे स्वच्छ, मी शिकले त्या शाळेला. आमच्या वेळचा कुलूपबंद कपाटात असायचा आणि तपासणीला साहेब आले की बाहेर निघायचा. हा मुलामुलींच्या हाताशी ठेवावा. बिघडला तर बिघडू दे.

४. काकांना माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत, चौकटीसह. "मुलगी शिकून काय दिवे लावणार?" असे ते दादाला दर परीक्षेआधी विचारत. पाहुणे बसतात तिथून दिसेल अशी लावावी. खिळा सोबत जोडला आहे.

५. माझ्या त्वचेचा तुकडा, मज्जेच्या काचपट्ट्या आणि उरलेले नमुने प्रयोगशाळेने अभ्यासासाठी ठेवावेत. नाव झाकावे, वय आणि बाई असल्याचे झाकू नये. पुस्तकांत हा आजार मुख्यतः साठीपुढच्या पुरुषांचा म्हणून येतो, त्यामुळे माझ्यासारखीत तो कोणी शोधत नाही. नव्या विद्यार्थ्यांना आधी माझ्या दंडावरच्या डागाचा फोटो दाखवून "हे काय?" असे विचारावे. सगळे "मुका मार" म्हणतील. म्हणू द्यावे. मग काचपट्टी दाखवावी.

६. दादाला मी काहीही देत नाही. त्याने खोक्यांच्या फळ्यांतून मला करून दिलेले अभ्यासाचे टेबलसुद्धा नाही. ते आईकडे राहील. हे ऐकून तो म्हणाला, "एवढी शिकलीस, आणि भावाला एक स्क्रू सोडला नाहीस!"

कारण असे की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार दादाच हवा आहे. सही करण्याआधी त्याने हे कलम मोठ्याने वाचायचे आहे. वडील गेले तेव्हा त्याने नववीत शाळा सोडून गॅरेज धरले, मला मात्र सोडू दिली नाही. तो सावकाश वाचतो. वाचू द्यावे.

(अ) गेल्या वर्षी गॅरेजात त्याच्या हातून गाडी निसटली आणि हँडल माझ्या दंडावर आपटले. त्याच आठवड्यात त्या जागेच्या चार बोटे वर जांभळा डाग उठला. मला त्याने कधी काही विचारले नाही. नर्सताईंना विचारले, "मार लागल्यानं असं होतं का हो?" नाही, दादा. मार लागून हा आजार होत नाही. माराचा डाग हिरवट होतो, पिवळा होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. हा तीन महिने जांभळाच राहिला, दाबला तरी दुखला नाही, आणि पसरत गेला. दिवसभर लोकांचे रक्त बघणाऱ्या मला ते कळायला हवे होते. मी तू आणलेले मलम चोळत बसले. उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळे.

(आ) रविवारपासून तो पेशी वाढवायची इंजेक्शने घेतो आहे. हाडे ठणकतात, विचारले तर म्हणतो, "गाडीखाली झोपून याहून जास्त दुखतं." पेशी रुजल्या नाहीत किंवा आजार परतला, तर तो देणाऱ्याचा दोष नसतो. "माझंच रक्त हलकं निघालं" असे तो कोणाजवळ म्हणाल्यास ते खोटे समजावे आणि ऐकणाऱ्याने त्याला हे पान दाखवावे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ : रुग्णालय, तिसरा मजला, काचेची खोली
दिनांक : ९ मार्च, सोमवार

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार क्र. १ : तिसऱ्या मजल्यावरची नर्स. सही माझ्यासमोर झाली. कलम सहा वाचायला वीस मिनिटे लागली. मध्ये दोनदा पाणी दिले. (सही)

साक्षीदार क्र. २ : मोठा भाऊ, गॅरेजवाला. सगळं वाचलं. (अ) पटलं. (आ) पटलेलं नाही. घरी ये, मग भांडू. (सही)