म्हातारी राणी आणि एकोणिसावा फर्मा

३ जून, सोमवार
चौथ्या खंडात ज्याला मारला तो पाचव्या खंडात घोड्यावर बसून हजर, आणि कुणी विचारतही नाही की बाबा, तू मेला होतास ना? असल्या माणसाला लेखक म्हणतात. बावीस वर्षं बायंडिंगखान्यात फर्मे, म्हणजे छापलेल्या पानांच्या घड्या, क्रमाने लावतेय, इतका गलथान कारभार पाहिला नाही. सात खंड, एकेक उशीएवढा. जंगलाचं वर्णन तेरा पानं. अरे, झाडं आहेत म्हण आणि पुढे चल. चाळीस हजार माणसं लढाईला निघाली, स्वयंपाक कोण करतंय पत्ता नाही. ड्रॅगन किल्ल्याच्या अंगणात बांधलाय. त्याच्या खालचं कोण काढतं?

मी काही आवडीने वाचत नाही. वन्संसाठी वाचते. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. समोरच्या टेबलावर शिलाई करतात, अक्षरओळख नाही. डब्याच्या सुट्टीत मी वाचून दाखवते. त्यातली म्हातारी राणी त्यांना फार आवडते. म्हणतात, अगदी आईसारखी गं, तश्शीच खवचट. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्याचा इथे काही संबंध नाही.

संकल्प: उद्यापासून मतं द्यायची नाहीत. नुसतं वाचायचं.

४ जून, मंगळवार
दहा मतं दिली. देणं भागच होतं.

७ जून, शुक्रवार
पुढचं आधीच चाळून ठेवलं. फर्मा एकोणीस. राणी मरते! पाच खंड तलवारी चुकवल्या आणि शेवटी काय, तर ताप. वर पानभर चित्र, डोळे मिटून पडलेली. वन्संना वाचता येत नाही, पण डोळे आहेत. शिवताना हा फर्मा हातात येणारच.

निर्णय घेतला. एकोणीसचा गठ्ठा टेबलाखाली, पोत्यांच्या आड. त्याच्या जागी अठरा. आजच्या तीनशे प्रतींत अठरा दोनदा गेला. पुढच्या प्रतींना अठरा कमी पडेल, ते पुढचं पुढे. असली पुस्तकं लोक कपाटाची शोभा म्हणून घेतात.

डब्याला वाचलं: ताप उतरला, राणी उठून बसली, सुनेला चार शब्द सुनावले. वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला. लेखकाला कळलं तर आभार मानेल.

११ जून, मंगळवार
आज राणीने ड्रॅगनला आंघोळ घातली. मला सुचतं. शाळा चौथीत सुटली म्हणून, नाहीतर सात काय, सतरा खंड काढले असते. वन्संनी विचारलं, हल्ली राणीशी दुसरं कुणी बोलत कसं नाही गं? म्हटलं, मोठ्या घरात असंच असतं.

१३ जून, गुरुवार
प्रत्येक फर्म्याच्या घडीवर काळी खूण असते, आधीच्यापेक्षा जरा खाली. फर्मे नीट लावले की पुस्तकाच्या पाठीवर जिना उतरल्यासारखा दिसतो. फोरमनने एक प्रत उचलली. एक पायरी दोनदा, पुढची गायब. आख्ख्या खान्यासमोर ओरडला, राणी मरते त्या चित्राचा फर्मा कुठाय? नंबर सांगता आला नसता मेल्याला?

वन्सं सुई धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, छापखान्याची मिस्टेक. तेवढ्यात कटिंगवाल्याने पोत्यांमागून गठ्ठा ओढून काढला. नको तिथे हुशारी.

मला पॅकिंगला टाकलं. फोरमन म्हणाला, तिथे काही लावायचं नाही, नुसतं गुंडाळायचं. बरंच झालं, उभं राहून कंबर जायची. तीनशे प्रतींचे टाके वन्संनाच उसवायला बसवलंय.

१४ जून, शुक्रवार
वन्सं डब्याला आल्या नाहीत. माझी हरकत नाही. शांत जेवले. पाणी प्यायला चार वेळा शिलाईकडून गेले. पॅकिंगला नळ आहे, पण तिथलं पाणी कोमट.

१७ जून, सोमवार
कटिंगवाला वन्संना एकोणीस वाचून दाखवत होता. आवाज म्हणजे पत्रा फरफटल्यासारखा. वाक्य संपलं तरी थांबत नाही. वन्सं रडत होत्या. मी जाऊन म्हटलं, बघा, म्हणूनच मी…

वन्सं म्हणाल्या, आईच्या वेळीही तू फोनवर बरं आहे, बरं आहे करत राहिलीस. मी पोचले तर सगळं उरकलेलं. हिला तरी नीट मरू दे माझ्यासमोर.

मी पॅकिंगला परतले. कटिंग मशीनचा आवाज फार होता.

तेव्हा वन्सं लेकीच्या बाळंतपणाला परगावी. एवढ्या लांबून एकट्या, वाटभर रडत येणार. डॉक्टर काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, ताप उतरेल दोन दिवसांत. मलाच तसं वाटून घ्यायचं होतं.

१८ जून, मंगळवार
संकल्प: आपण होऊन बोलायचं नाही.

२० जून, गुरुवार
चिठ्ठी लिहिली. तीन कागद फाडले. वन्संच्या टेबलावर ठेवून आले आणि मग आठवलं, त्यांना वाचता कुठे येतं. म्हणजे तो कटिंगवालाच वाचणार. असो. लिहिलं ते असं:

वन्सं, सहावा खंड टेबलाला लागला म्हणे. जसा छापलाय तसा वाचीन. पदरचा एक शब्द घालणार नाही. मेलं तर मेलं म्हणेन. आईंचे शेवटचे दोन दिवस ऐकायचे असतील तर तेही सांगेन, जसे झाले तसे. तुमचं नाव घेत होत्या, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. कटिंगवाले, ही ओळ गाळू नका. डब्याला मी पॅकिंगच्या दारातल्या बाकावर असते. येणार की नाही ते शनिवारपर्यंत सांगा. गप्प राहिलात तर ते मी उत्तर धरणार नाही.