निळ्या फुलांची कपबशी

आई, तुझ्या निळ्या फुलांच्या कपबश्या अजून घरात आहेत. दोन फुटल्या, बाकीच्या वहिनी तुझ्यासारख्याच वरच्या फळीवर ठेवतात आणि पाहुणे आले की काढतात. घरच्यांना स्टीलचे पेले. लहानपणी एकदा मी कपबशीसाठी हट्ट धरला, तेव्हा तू म्हणालीस, "पाहुणा हायेस का? मंग उद्या जावं लागंल." मी घाबरून पेला उचलला आणि तू पदरात तोंड घालून हसलीस.

दसरा झाला होता, द्राक्षबागांच्या छाटण्या चालू होत्या, तेव्हा मी परत आलो. आलो म्हणजे, मला पाठवलं. आखातातली माझी कंपनी कधीच बंद पडली होती, कागदांची मुदत संपली होती, तरी मी तिथे लपूनछपून एसीची कामं करत राहिलो. तू गेलीस तेव्हा येऊ शकलो नाही ते त्यामुळेच. शेवटी पकडलं, काही दिवस कोंडून ठेवलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवलं. दादा नाशिक रोडला घ्यायला आला होता. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "गावात सुट्टीवर आला म्हणून सांगितलंय." माझी लाज झाकायला त्याने ते केलं, मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी चहा आणून पुढे ठेवला. निळ्या कपबशीत.

मग रोज तेच. मी बादली उचलली की त्या हातातून घेतात, "राहू द्या भाऊजी, बसा तुम्ही." दादा बागेत हात लावू देत नाही. मी कुठेही बसलो तरी कोणी उठ म्हणत नाही, कशावरून रागवत नाही. गावात जो भेटेल तो विचारतो, "परत कधी?" सुट्टीवर आलेल्या माणसाला कोणी काम देत नाही, आणि मी मागितलं तर दादा खोटा पडतो. दिवाळी अशीच गेली. इतकी वर्षं ज्या घराची आठवण काढली, तिथे आता आयुष्यभर पाहुणा म्हणूनच राहायचं की काय, असं वाटायला लागलं.

एक दिवस स्टँडवरच्या टपरीवर दादाचा मित्र भेटला. तो आता द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. मोठ्याने म्हणाला, "काय शेठ, सुट्टी लय लांबली! शेख विसरला का तुम्हाला?" सगळे हसले.

"शेखानंच हाकललं," मी म्हणालो. "पकडून पाठवलं. आता परत जाता येत नाही."

हसणं थांबलं. बाकावरून कोणीतरी विचारलं, "चोरीबिरी केली का काय?"

"नाही. कागद नव्हते."

सुपरवायझरने चहा संपवला. "मंग इतके दिवस इथं भजी खात काय बसला? माल सुरू व्हायच्या आत आमची कूलिंगची मशिनं उघडून दुरुस्त करायची हायेत. उद्या सकाळी ये. जमलं तर सीझनभर राहा."

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. दादा जेवायला बसला. म्हणाला, "मला तोंडघशी पाडलंस," आणि जेवून उठून गेला. शेजारी अजून कुजबुजतात, चोरीचं एकदा लोकांच्या तोंडी आलं ते काही लगेच पुसलं जाणार नाही. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी मी कपडे करून ओट्यावर बसलो, चहाची वाट बघत. आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चहा झालाय, घ्या गाळून! आन ती गॅसची रिकामी टाकी दारात नेऊन ठेवा. का हाताला मेंदी लावलीय?" आत गेलो. शेगडीपाशी पेले ठेवले होते. दादा भिंतीला टेकून चहा पीत होता. तो थोडा सरकला, मी शेजारी बसलो. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डबा घेतला का?"

आई, हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार. कपबश्यांच्या मागे ठेवून देतो. एकच सांगायचं राहिलं, रागवू नकोस. वहिनी चहात आलं जास्त टाकतात. मला तो तुझ्या चहापेक्षा आवडायला लागलाय.