पान दोनशे अकरा

३ जानेवारी
दाभाडे सरांनी पुस्तक पाठवलं. आत सही : "इंगळे बाईंस, सप्रेम." आपल्या पहिल्या पंतप्रधानांचं चरित्र. जाड पुठ्ठा, मुखपृष्ठावर गुलाब. लेखक म्हणून नाव दा. सरांचं.

पहिली ओळ वाचली. माझी. दुसरीही माझीच. चुलीपुढे उभ्याउभ्या वाचत गेले, वांगी करपली.

बारा वर्षं लिहिलं मी हे. शाळा सुटल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, चार लांब वह्या. मी निवृत्त झाले त्या वर्षी प्रस्तावना लिहून द्याल का म्हणून त्यांच्याकडे नेल्या. आमचे मुख्याध्यापक, मोठा माणूस. आठ महिन्यांनी वह्या परत आल्या. प्रयत्न बरा आहे बाई, पण भाषा गावठी आहे, ठेवून द्या, म्हणाले. मी ठेवून दिल्या. मूर्ख.

४ जानेवारी
प्रस्तावना काल वाचवली नाही, आज वाचली. शेवटी आभार : "माझ्या विस्कळीत टिपणांची सुवाच्य अक्षरात प्रत करून देणाऱ्या आमच्या शाळेतील इंगळे बाई."

म्हणजे वह्या दाखवूनही उपयोग नाही. अक्षर माझं, पुस्तक त्यांचं. किती लांबचा विचार केला आहे या माणसानं. मला त्याची चारचौघांत फजिती झालेली बघायची आहे. हे लिहिताना अजिबात लाज वाटत नाही.

६ जानेवारी
भाऊ गेल्यापासून घरात मी आणि भावजय कुसुम, दोघीच. तिच्यापासून काय लपणार. "काऊन असं तोंड करून बसल्या, वन्सं?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं. ती सातवी शिकलेली, पुस्तकाचं तिला काही नाही, पण चोरी म्हटल्यावर पदर खोचला. वकील लावा म्हणाली.

९ जानेवारी
बुलढाण्याला जाऊन आले. वकील माझाच विद्यार्थी. खुर्चीतून उठून पाया पडला आणि मग अर्धा तास मला समजावत बसला. बाई, ओळी तुमच्या असं तुम्ही म्हणणार, त्यांच्या असं ते म्हणणार. तुमच्याशिवाय कोणीच लिहू शकत नाही असं त्यात काय आहे?

परतीच्या एसटीत, मोताळ्याकडे घाट उतरताना, तेच डोक्यात. दा. पुण्याकडचे. इथे तीस वर्षं काढली, पण बोली अंगाला लावून घेतली नाही. स्टाफरूममध्ये एकदा मी "त्याले सांगा" बोलून गेले. ते हसत म्हणाले, त्याले? आणि सगळे हसले. पुढे कितीतरी दिवस मी आत जाताना कोणीतरी "त्याले" म्हणायचं. मग मी शाळेत तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायची. या माणसाला मी वह्या दिल्या.

१२ जानेवारी
लाल पेन घेऊन पुस्तक तपासायला बसले, जुनी सवय. चौथीतल्या पोरांनासुद्धा मी एवढं निर्दयपणे तपासलं नसेल. शुद्धलेखन बरं आहे. माझंच आहे.

आणि दोनशे अकराव्या पानावर सापडलं.

पं. गेले तो प्रसंग. (वह्यांमध्ये पंतप्रधान न लिहिता पं. लिहायची, हात दुखायचा.) छापलं आहे असं : "साऱ्या देशावर शोककळा पसरली. खेडोपाडी चुली पेटल्या नाहीत. हे मायले परत विचारणे, चूल एक दिवस का दोन दिवस. दिल्लीत लोकांचा महासागर लोटला."

मधली ओळ समासातली. स्वतःसाठी पेन्सिलीनं लिहिलेली. रेडिओवर बातमी आली त्या दिवशी आमच्या गावात कुणी चूल पेटवली नाही, हे माय सांगायची. एक दिवस की दोन, हे मला पक्कं करायचं होतं. टाइप करणाऱ्यानं समासासकट सगळं उतरवलं आणि दा. सरांनी एकदाही वाचलं नाही. चोरायचं तर निदान वाचावं तरी.

त्यांची आई पुण्यात होती, ते तिला आई म्हणायचे. मायले म्हणणारा माणूस या पुस्तकात एकच आहे.

हसले. मग रडले. मायले विचारायचं राहूनच गेलं, टीप लिहिली त्याच हिवाळ्यात ती गेली. कुसुमला एवढंच सांगितलं की दोनशे अकरा पानावर चोर सापडला.

१४ जानेवारी
बुलढाण्याहून कार्यक्रमवाल्यांचा फोन. पंचवीस तारखेला दा. सरांचा सत्कार आहे. पुस्तकातलं एक पान वाचून दाखवाल का? सरांनीच तुमचं नाव सुचवलं.

मला गप्प ठेवायला ही खिरापत. हो म्हणाले, फार नम्रपणे. फोन ठेवल्यावर कुसुमला म्हटलं, आज पुरणाचं कर.

१७ जानेवारी
वाचनाचा सराव. आरशासमोर दोनशे अकरावं पान. "हे मायले परत विचारणे" इथे थांबायचं. चष्मा काढायचा. पहिल्या रांगेकडे बघून विचारायचं, सर, कोणाच्या मायले? किती वेळ थांबायचं तेही ठरवलं. इतकं सुख मला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

१९ जानेवारी
कुसुमनं चक्कीवर दळण टाकताना सांगितलं, आमच्या वन्सं बुलढाण्यात दोनशे अकरा पान वाचणार, बघा मग. चक्कीवरून ते कुठे कुठे गेलं असेल देवाला ठाऊक. रागावले. ती म्हणाली, भ्यावं काऊन, चोरी आपण केली का?

२० जानेवारी
दा. स्वतः आले. मोताळ्यात पहिल्यांदाच माझ्या घरी. कोट, हातात पेढ्यांचा डबा. पायऱ्या चढून धापा टाकत होते, म्हातारे दिसले. मला कीव आली नाही. यावी असं वाटलं, पण नाही आली.

इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, दोनशे अकरावरची ती ओळ मुद्रणदोष आहे, पुढच्या आवृत्तीत निघेल. तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं पान वाचा, ते सुंदर आहे.  त्यांनी डोळे मिटून तोंडपाठ म्हटलं : "ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याशीही ते पुढे मोकळेपणानं बोलले. मनात विष साठवून देश उभा राहत नाही." आणि डोळे उघडून म्हणाले,

"बाई, हे तुम्हीच लिहिलंत. आता तुम्हीच असं वागणार?"

 त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मी म्हटलं, "म्हणजे लिहिलं मी, हे कबूल?"

ते पेढ्यांच्या डब्याच्या दोरीशी चाळा करत राहिले. कुसुम दारात चहा घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं. चहा ठेवला, बिनसाखरेचा. त्यांनी एक घोट घेतला आणि पूर्ण संपवला.

जाताना म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत दोघांची नावं टाकू. तुमचं आधी. फक्त ती ओळ काढायची आणि पंचवीस तारखेला अठ्ठ्याऐंशी वाचायचं. घरी नातवंडं आहेत हो माझी, कार्यक्रमाला येणार आहेत.

२१ जानेवारी
पेढे गाईला घातले.

२२ जानेवारी
माझं नाव आधी. छापलेलं. बारा वर्षांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं. पण मग मायची ओळ जाते, आणि तो माणूस हार घालून घरी जातो.

अठ्ठ्याऐंशीवं पान पुन्हा वाचलं. या वाक्यावर मी तेव्हा किती खूश होते. लिहिताना सोपं होतं, माझं कुणी काही चोरलं नव्हतं. पं. एवढी वर्षं तुरुंगात राहूनही कडू झाले नाहीत, मी पोरांना दरवर्षी सांगायची. आज मला पं.चाही राग येतो आहे. सरांनी नातवंडांचं नाव काढलं ते मुद्दाम, हेही मला कळतं.

२४ जानेवारी
लुगड्याला इस्त्री. कुसुमही येते म्हणाली, बुलढाण्याची भाजी स्वस्त असते. खोटं बोलते.

२५ जानेवारी
बुलढाणा. सभागृहात. स्वागत, दीपप्रज्वलन, तालुक्याचे कोण कोण बोलताहेत. वही मांडीवर घेऊन लिहिते आहे, आजूबाजूचे समजतात बाई मुद्दे काढताहेत.

दा. पहिल्या रांगेत. दोन नातवंडं, एक मुलगी नऊ-दहा वर्षांची, सारखी मागे वळून बघते. त्यांनी स्वतः एकदाही बघितलं नाही. मान ताठ, कान लाल.

पुस्तकात दोन खुणा. अठ्ठ्याऐंशीवर बसचं तिकीट, दोनशे अकरावर कुसुमच्या केसातली पिन.

कुसुमनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पिनेचं पान काढलं. ओळीवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. मग सावकाश म्हणाली, "एकच दिवस. दुसऱ्या दिवशी तुमी दुधासाठी रडून राह्यल्या होत्या, म्हून सासूबाईनं चूल पेटवली."

तुला कसं माहीत, विचारलं. पोळ्या लाटताना सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणाली. मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?

"तुमी मले कुठं इचारलं, वन्सं."

एका घरात, एका चुलीवर. मी पुस्तकांमध्ये शोधत होते.

पेन्सिल होती पिशवीत. छापील ओळीच्या बाजूला, समासात लिहिलं : एक दिवस. तिच्या हातातल्या पुस्तकावर लिहिलं, अक्षर सुवाच्य आलं नाही.

निवेदक माझं नाव घेतो आहे. दा. सरांनी आता मागे वळून पाहिलं. पुस्तक अजून कुसुमच्या हातात आहे, पिनेच्या पानावर उघडं.