इथलं कोर्ट, तिथलं कोर्ट

११ जून
आजही नुसती पुढची तारीख! नवऱ्याने सासरी, तिकडच्या राज्यात, माझ्याआधीच चिमीच्या ताब्याची केस टाकली आहे. म्हणजे कोर्टं दोन, लेक एक. वकीलबाई म्हणाल्या, "आधी इतकंच ठरेल, की ऐकायचं कोणी."
त्याने पोरीला अडगळीच्या खोलीत कोंडलं, म्हणून मी तिला घेऊन ताईकडे आले. पण ते ऐकायलाच अजून कोणी नाही!

१४ जून
दुकानात चष्म्याच्या काचा उलटसुलट बसवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, जमीन वर आलीय!" मालक हसले. मला हसू येईना.

१८ जून
चिमीने ताईला विचारलं, "मावशी, जज कोणाच्या बाजूने असतात?"
"तुझ्या," ताई म्हणाली. देव करो!

२१ जून
संपलं. न्यायाधीश सौम्यपणे बोलले, तेच जास्त लागलं. मूल जन्मापासून तिकडे, शाळा तिकडे, डॉक्टर तिकडे, इथे जेमतेम दोन महिने. "हे त्या कोर्टाने ऐकणं योग्य. आम्ही ऐकणार नाही."
मी उभीच राहिले. "साहेब, तिकडे माझं कोणी नाही!" वकीलबाईंनी माझा हात दाबला.
बाहेर म्हणाल्या, "तुम्ही हरला नाहीत. फक्त कोर्ट बदललं."
बोलायला काय जातं! आगीतून फुफाट्यात.

२७ जून
निघालो. ताईचे यजमान, भावोजी, सोबत आहेत. चिमी सारखी विचारते, "बाबाच्या घरी नाही ना?" नाही गं बाई, लॉजवर.

३० जून
तिकडचं कोर्ट. त्याच्या वकिलाने सासूबाईंना साक्षीला उभं केलं—मुलगा किती मायाळू ते सांगायला. मी मान खाली घातली.
वकिलाने विचारलं, "नातीशी कसा वागतो?"
सासूबाईंनी न्यायाधीशांकडे पाहिलं. मग— "कोंडतो. ती रडून दमली, की कडी मी काढायची."
"आई!" तो ओरडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर मात्र घट्ट धरला होता.

२ जुलै
निकाल लागेपर्यंत चिमी माझ्याकडे! मात्र हे राज्य सोडायचं नाही. दुकानाची नोकरी गेलीच म्हणायची. भावोजींनी एक खोली शोधली. पोर आज पोटभर जेवली.

३ जुलै
दार वाजलं. तोच असणार!
सासूबाई. हातात बॅग. "मला राहू देशील?"