वासराचा बोकड केला त्याची हकीकत

मुक्काम सिरसाळा,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

शिरूर कासारच्या गहिनीनाथाला सिरसाळ्याच्या सुग्रीवाचा रामराम. तुझी तबियत कशी हाय, पाऊसपाणी कसं झालं, बैल कसे हायत, हे सगळं इचारलं असं समज, उत्तर सवडीनं दे. आमी दोघं बरे हावोत. तुझ्या बहिणीची कंबर अन् माझा गुडघा सोडला तर घरात कुणाची तक्रार न्हाई. चाळीसच्या चाळीस मेंढरं टुणटुणीत हायत. दोन वर्षं झाली, म्या तुला पत्र धाडलं न्हाई अन् तुझ्या आदिनाथच्या लग्नाला बी आलो न्हाई. कावून ते तुला ठाऊक हाय. लग्नाच्या चिठ्ठीत तूच लिहिलं होतंस की न्हाई आलात तरी चालंल. मंग न्हाई आलो. चाललं. त्यासाठी आज कागद खराब करायचा न्हाई. (फोन केला असता, पर फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत न्हाई.)

तर आमच्या शेजारचा हरिबा तुला आठवत असंल. ख्रिस्ती हाय, ऐंशीच्या पुढचा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, पर कान असा तिखट की माझं कोणतं मेंढरू खोकलं ते वसरीवर बसून सांगतो. त्याची नात सुकन्या. तिला परळीच्या सत्यमचं स्थळ आलं, पोरं एकमेकाला पसंत, सगळं ठरल्यात जमा, अन् मधीच पाणी आडवं आलं. म्हणजे खरंच पाणी. पोरीचा बाप जीवन म्हणतो, बाप्तिस्म्याला कपाळावर पाणी शिंपलं की झालं, माझ्या लेकीला तान्हेपणीच झालाय. सत्यमचा बाप शमुवेल म्हणतो, तसं न्हाई, अख्खं माणूस पाण्यात बुडालं पायजे, पोरीनं आधी बुडावं अन् मंग आमच्या घरात यावं. जीवन म्हणला, माझी लेक काय घाण हाय का? शमुवेल म्हणला, पुस्तकातच तसं लिहिलंय. जीवन म्हणला, पुस्तकात आमचंच लिहिलंय. आठ दिवसांनी जीवनची टोळी ऊसतोडीला निघणार, कोयते धार लावून कोपऱ्यात उभे. त्याच्या आत साखरपुडा झाला तर झाला, न्हाईतर शमुवेल दुसरीकडं पोरगी बघायला मोकळा. पोरगी नुसती भांडी आपटत होती. (मला इचारशील तर बुडवायला पाणी हाय कुठं? नदीत गुडघाभर, अन् हापशाखाली माणूस बुडत न्हाई. पर मला कुणी इचारलं न्हाई.)

हरिबा म्हणला, पुस्तक काय म्हणतं ते पुस्तकालाच इचारा. जीवननं वाचायला घेतलं. हरिबानं दोन मिंटांत थांबवलं. म्हणला, बाळा, सोयीचं आलं की तू आवाज चढवतोस. शमुवेलनं घेतलं. त्याला म्हणला, पाव्हणं, तुमी गैरसोयीचं आलं की गिळता. मंग म्हणला, सुग्रीवाला बोलवा. त्याला आपल्या मामल्यात ना घेणं ना देणं, अन् तीस वर्षं पोथी वाचलेला माणूस हाय. दोघांनी कबूल केलं. शमुवेलनं तर छातीला हात लावून सांगितलं, लूकाचं शुभवर्तमान घ्या, आमचं म्हणणं त्यातच हाय. म्हणजे एका माणसाच्या हातचा येशूचा वृत्तांत, चोवीस अध्याय. सहा दिवस, रोज जेवणं झाल्यावर लिंबाखाली चार अध्याय. हरिबानं मला एकच अट घातली. लिहिलंय तेवढंच वाचायचं, सगळं वाचायचं, पदरचं बोललास की त्या दिवशीचा चहा बंद.

गहिनीनाथ, मला वाटलं ह्यात काय अवघड? मी सातवी शिकलेला माणूस. तुला ठाऊक हाय, श्रावणात तू हितं यायचास, म्या वाचायचो अन् तू अर्थ सांगायचास. अर्थ सांगायची खाज तुझी, माझी न्हाई, असं मी समजत होतो.

पहिल्याच दिवशी घात झाला. म्या आपल्या सवयीनं उदबत्ती लावली, पुस्तकापुढं मूठभर ज्वारी ओतली, अन् सगळं गद्य ओवीच्या चालीत लावून धरलं. जीवन तोंडाला रुमाल लावून बसला. हरिबा म्हणला, चाल ऱ्हाऊ दे, ज्वारी ऱ्हाऊ दे, फकस्त शब्द वाच. बरं, वाचले. पहिल्या अध्यायात एक म्हातारा पुजारी हाय, त्याला देवदूत सांगतो की तुला पोरगं होणार. त्यानं नुसती शंका काढली तर पोरगं होईपर्यंत मुका झाला. हरिबा खाकरला, "सुग्रीवा, ऐकलंस न्हवं?" ऐकलं. म्या मुकाट्यानं अध्याय संपवला अन् सवयीप्रमाणं खणखणीत "कृष्णार्पणमस्तु" म्हणलो.  मंग शमुवेलच हसला की रे, पोट धरून. हसला पर चहा बंदच.

दुसऱ्या अध्यायाचं तर मी अजून बी मागं घेत न्हाई. रानात मेंढपाळ रातची राखण करतेत, देवदूत येतो, बाळ जन्मलं म्हणतो, अन् हे उठून गावाकडं निघतेत. म्या थांबलो. म्हणलं, मेंढरांजवळ कोण थांबलं? हरिबा म्हणला, लिहिलंय का? म्या म्हणलं, न्हाई, तेच तर. रातची मेंढरं उघड्यावर टाकून कुणी जातं का? तो म्हणला, लिहिलं न्हाई ना, मंग पुढं चल. (आमच्यातला एक बी न्हाई जाणार. निदान कुत्रं तरी ठेवलं असंल.)

तिसऱ्या अध्यायाला बाप्तिस्म्याचा मामला आला. जीवन पुढं सरकला, शमुवेल पुढं सरकला, सुकन्या दारात उभी. म्या सावकाश वाचलं. लोक आले, बाप्तिस्मा झाला, येशूचा बी झाला, आभाळ उघडलं. झालं. पाणी कपाळावर का गळ्यापर्यंत, चकार शब्द न्हाई. परत वाच म्हणले, परत वाचलं. शमुवेल म्हणला, पुढं असंल. जीवन म्हणला, पुढंच असंल. लगीच खाली वंशावळ लागली, सत्तर-पंच्याहत्तर नावं, एकाला एक मिळत न्हाई. जीवन म्हणला, ही सोडा काका. हरिबा म्हणला, सोडायची न्हाई, आज नावं सोडशील, उद्या माणसं सोडशील. घाम निघाला बाबा. त्यापरीस मेंढरांची कातरणी बरी.

मधल्या दिवसांचं सगळं लिहीत बसत न्हाई, मला पाल्हाळ आवडत न्हाई. दहाव्या अध्यायात दोन बहिणी हायत. एक येशूपाशी बसून ऐकते, दुसरी सैपाकात घामाघूम. अन् शाबासकी बसलेलीला. तुझी बहीण विजयमाला मागं बसली होती. ती म्हणली, "अन् भाकरी कुणी थापायच्या मंग?" हरिबानं तिचा चहा बंद केला न्हाई. म्हणला, त्या बाईनं बी हेच इचारलं असंल. ह्याला न्याय म्हणतेत का?

आता मुद्द्याचं. चौथा दिवस, पंधरावा अध्याय. सुरुवातीलाच एक मेंढपाळ शंभरातलं एक हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून हुडकायला जातो. म्या दात खाऊन पुढं गेलो, एक शब्द बोललो न्हाई. (जीवनला इचार.) पुढं एका बापाची दोन पोरं. धाकटा सगळं उधळून कंगाल होऊन परत येतो, बाप पळत जाऊन गळ्यात पडतो, अन् म्हणतो पोसलेलं वासरू कापा, जेवण घाला. गहिनीनाथ, माझी जीभ अडली. म्या जल्मभर गोठ्यात वासरं वाढवली. अन् हरिबाच्या अंगणात सगळ्या वाटंवरचे लोक ऐकत उभे. म्या मनाशी म्हणलं, कशाला, अन् वाचून टाकलं, पोसलेला बोकड कापा. एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई. जीवन गप, शमुवेल गप, विजयमाला गप.

हरिबानं हात वर केला. "वासरू हाय ते, सुग्रीवा."

म्या म्हणलं, बोकडानं काय बिघडलं? जेवणाला जेवण.

तो म्हणला, "पुढं वाच अन् तूच सांग."

पुढं वाचलं. थोरला पोरगा रानातून येतो, वाजंत्री ऐकतो, रुसतो, बापाला म्हणतो, मी जल्मभर राबलो, मला तू मैतरांसंगं खायला एक करडू बी कधी दिलं न्हाईस. अन् मी तिथंच अडकलो. धाकट्याला बोकड अन् थोरल्याला करडू न्हाई, म्हणजे फरक किती? शिंगाएवढा. म्हणजे तो थोरला उगाच रडका ठरला की! वासरू असलं तरच त्याचं पोट कावून दुखलं ते कळतं. म्या त्या बिचाऱ्याचं सगळं दुखणंच कापून खाल्लं. मला त्या थोरल्याची लाज वाटली. (मी बी थोरलाच हाय.) म्या परत वरच्या ओळीवर जाऊन वासरू वाचलं. रस्त्यावरच्यांनी ऐकलं अन् आपापल्या वाटंनं गेले. तो त्यांच्या देशातला बाप, त्याच्या घरचं वासरू, मी कोण त्याची पंगत बदलणार?

हरिबा म्हणला, तुला ह्या मामल्यात घेणंदेणं न्हाई म्हणून बोलावला, तर तू आख्खं जनावर बदललंस. चहा बंद. उद्याचा बी, परवाचा बी.

सहाव्या दिवशी चोवीसावा अध्याय संपला. मेलेला येशू वाटंत भेटतो, बोलतो, तरी त्याच्याच दोन शिष्यांना ओळख पटत न्हाई, भाकर मोडून हातात देतो तवा पटते. हरिबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकी कुठलंच पाणी आलं न्हाई. बाप्तिस्म्याचं नाव मधी दोनचार डाव आलं, पर पाण्याचं माप शेवटच्या ओळीपर्यंत आलं न्हाई.

शमुवेलचं तोंड बघण्यासारखं होतं. म्हणला, मार्काच्या शुभवर्तमानात हाय, पाण्यातनं वर आला असं. हरिबा म्हणला, असंल. मंग मार्क बी पहिल्या ओळीपासून वाचू. सुग्रीवा, घसा साफ कर. म्या म्हणलं, मला मेंढरं हायत. शमुवेलनं कानाला हात लावला. माणूस खरा हाय, गहिनीनाथ. म्हणला, लूक मीच निवडला होता. इतकी वर्षं बुडवण्याचं प्रवचन ऐकलं की मला वाटलं ते त्यातच छापलेलं हाय. जीवन म्हणला, मला बी तसंच वाटलं होतं, फकस्त शिंपायचं.

हरिबा म्हणला, जे माप पुस्तकानं घातलं न्हाई ते आपण पोरीला लावू नये. तिला इचारा. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला इचारलं. सुकन्या पदराला हात पुसत म्हणली, "आजोबा, मला एकदा पाणी लागलंय. आणखी लागावं वाटलं तर मी माझी सांगंन. आता तुमी सुग्रीव आजोबांचा चहा सोडा, त्यांचा चेहरा बघवत न्हाई." शमुवेल परत तसाच हसला अन् म्हणला, सून माझी. रविवारी साखरपुडा झाला, सोमवारी टोळी गेली, लग्न उन्हाळ्यात. म्या दोन कप चहा घेतला. तिसरा विजयमालानं ओढला.

असो. थोडक्यात लिहायचं होतं, झालं.

तुझा दाजी,
सुग्रीव

ता. क. काल तुझी ती लग्नाची चिठ्ठी ट्रंकेतनं काढली. दोन वर्षं म्या तिच्यातली एकच ओळ वाचत होतो, अन् तीच आवाज चढवून. हरिबाच्या रीतीनं पहिल्यापासून वाचली. वरती लिहिलंय, दाजी, तुमच्या गुडघ्याचं कळलं, एस्टीत लई हाल होतेत, दुखत असंल तर न्हाई आलात तरी चालंल, आदिनाथलाच जोडीनं पाया पडायला धाडतो. हे वरचं म्या गिळलं होतं. तू त्यांना धाडायला निघालास तवा मीच निरोप दिला होता, येऊ नका. तर आता आदिनाथ अन् सूनबाई उज्ज्वलाला धाड. दोन वर्षांचं जेवण अन् लुगडं-टोपी बाकी हाय. तू बी ये.

आणखी ता. क. विजयमालानं हे पत्र वाचलं. ती म्हणते, ट्रंकेतनं चिठ्ठी तिनं काढून माझ्या हातात दिली, तसं लिही. लिहिलं. अन् वासराचा बोकड तिच्या पहिल्याच झटक्याला ध्यानात आला होता म्हणते, ती मुद्दाम गप बसली.

शेवटचं. हे पत्र पहिल्या ओळीपासून परत एकदा वाच. न्हाई आलास तरी चालंल, असं म्या माझ्याकडनं तुला कुठंच लिहिलेलं न्हाई.