रुंद चाकांचा आगम

नाना, आधी एक अत्यंत गंभीर तक्रार. आपल्या गाडीच्या चाकांत हवा भरायच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपणं असतात ना, ती नवी चार आली, आणि त्यांतली तीन काळी नि एक निळं निघालं. असा वर्णसंकर मला दर रविवारी उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो आहे. टोपणं नवी, म्हणजे टायरही नवे का, असं तुम्ही विचारणार. हो. रिमसुद्धा नव्या, अलॉयच्या, आणि तुम्हाला मुळीच आवडणार नाहीत इतक्या रुंद. तुम्हाला विचारलं नाही. विचारता आलं असतं तरी विचारलं नसतं.

धुळ्याच्या कापडवाल्या शेठजींनी ही दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार हौसेने घेतली, दोन दिवाळ्यांत त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, आणि गाडी संस्कृतच्या मास्तरांकडे, म्हणजे तुमच्याकडे, आली. तुम्ही ती व्याकरणासारखी चालवलीत. सोनगीरच्या रस्त्यावर मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन दमतात, समोरचा किल्ला जागचा हलत नाही, आणि जवळजवळ आपणही नाही. तुम्ही म्हणता, "स्पोर्ट्स म्हणजे खेळ. खेळाला घाई कसली?" कॉलेजात असताना मी रुंद चाकांचा हट्ट धरला, तेव्हा तुम्ही कळण्याची भाकरी मोडत विचारलंत, "आगम आणि आदेश यांत फरक काय?" मी घोकलेलं सांगितलं, की आगम मूळ अक्षराच्या शेजारी येऊन बसतो, आदेश मूळ अक्षराला उठवून त्याच्या जागी बसतो. "मग तुझी ही चाकं कोण?" मी ताटात भाकरी कुस्करू लागलो. आई म्हणाली, "अहो, जेवू द्या त्याला. भाकरीला व्याकरण लागत नाही." पण निकाल लागलेला होता. गाडी आली तशीच राहिली, तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं.

तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती तुमची नात आता धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. दर सोमवारी जळगावहून तुमचीच गाडी घेऊन एकटी निघते, शनिवारी परत येते. गेल्या महिन्यात परत येताना पारोळ्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला. तिने ब्रेक दाबला, आणि गाडी तुमच्या त्या अरुंद टायरांवरून आडवी सरकत थेट कपाशीच्या बांधाला जाऊन थांबली. तिने ते हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मेहरूणच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने चाकांकडे पाहून चहाचा घोट घेतला. "सर, ह्या टायर गाडीना शेतस का सायकलना?" नवी चाकं बसवली, तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला आतून घासायला लागले. त्याने मडगार्डची कड ठोकून आत वळवली आणि मागे सरून छाती फुगवली. "आते देखा. मांजर व्हती, वाघ व्हई गयी." मी म्हटलं, स्टिअरिंग जड झालंय. "वाघ पाळा तं हात दुखतीनच ना, सर!"

तर नाना, माझं उत्तर आज घ्या. इंजिन तुमचं, सीट तुमची, घरघरणारा आवाजही तुमचाच. म्हणून ही चाकं आगम. तुम्ही म्हणाल, मूळची चाकं उतरवलीस, हा आदेशच. असू दे आदेश. तुमच्या 'गम्' धातूचं काय होतं? त्यातल्या म्-ला उठवून छ् बसतो, त्या छ्-च्या शेजारी त्-चा आगम येऊन टेकतो नि त्याचा च् होतो, तेव्हा कुठे 'गच्छति' होतं. जाणाऱ्याला दोन्ही लागतात, नाना. जसंच्या तसं राहायचं असेल तर धातुपाठाच्या यादीत बसून राहावं. हे मला त्या भाकरीच्या वेळी सुचायला हवं होतं. पण तेव्हा सुचलं असतं, तर तुम्ही पुढचं सूत्र विचारलं असतंत.

हे तुम्हाला कधीच पोहोचणार नाही, म्हणून पुढचंही लिहून टाकतो. काल मेहरूणच्या तलावाच्या बाजूने गाडी फिरवत होतो. पाइप फुटून रस्त्यावर पाणी साचलं होतं. कोरड्या रस्त्याला घट्ट धरणारी ती रुंद चाकं पाण्यावर चढली, आणि हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. क्षणभर गाडी कोणाचीच नव्हती. टायरवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, रुंद चाक पाण्यावर तरंगतंच, तिथे जपूनच चालवायचं. तुमच्या नातीलाही सांगितलं. "हो बाबा," म्हणाली, मोबाइलमधून मान वर न करता. उद्या सोमवार आहे. तुमच्याशी मी आणखी वर्षभर भांडू शकतो. पण मी तिची गाडी सावरली की आणखी बिघडवली, हे मला खरंच माहीत नाही, नाना, आणि मला भीती वाटते.